रेडिओलहरी, कार्बनच्या नळ्या आणि मिठाचे पाणी

दिव्याहून कर्जतकडे जाताना कल्याणनंतरचे तिसरे स्थानक अंबरनाथ. तिथल्या एसआयसीईएस महाविद्यालयातील नॅनोतंत्रज्ञान केंद्रात महेश्वर आणि माधुरी शेरॉन यांनी काम केले. त्याआधी आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने चक्क कापरापासून कार्बनच्या नॅनोनळ्या बनवल्या होत्या. कार्बनचे असे पदार्थ मायक्रोवेव्ह शोषतात, हेही त्यांनी तपासले. शोषलेल्या लहरीची उष्णता होते. मग तीच उष्णता कर्करोगाच्या गाठीत का निर्माण करू नये?

अमेरिकेत जॉन कॅन्झियस या रेडिओ तंत्रज्ञाने स्वतःला रक्ताचा कर्करोग झाल्यावर हाच ध्यास घेतला. याच कल्पनेवर २००७ मध्ये स्टीव्हन कर्ली यांच्या गटाने सशांच्या यकृतातील गाठींत नॅनोनळ्या टोचल्या आणि १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी दोन मिनिटे सोडल्या. गाठी मेल्या. नुसत्या लहरी किंवा नुसत्या नळ्या दिलेल्या गाठी मात्र जगल्या. पुरावा भक्कम वाटतो, पण एक गोम आहे. या लहरीची लांबी सुमारे २२ मीटर, नळीची फार तर काही मायक्रोमीटर. त्यामुळे नळी म्हणजे चिमुकला अँटेना, हे वर्णन फसवे आहे. उष्णता येते ती विद्युतक्षेत्राने हलवलेल्या प्रवाहातून, आणि असा प्रवाह मिठाच्या पाण्यातही वाहतो. सोन्याच्या नॅनोकणांबाबत पुढे काही प्रयोगांत दिसले, की तापण्याचे श्रेय कणांपेक्षा द्रावातील क्षारांचे होते. कार्बन सोन्यासारखा नाही, त्याच्या लांबट नळ्या वेगळ्या वागू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. पण तो सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची.

कोणी म्हणेल, कारण काही का असेना, गाठ मेली ना! पण तेवढ्यासाठी नळ्यांची गरज नाही. मुंबईच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुईलगोळ यांनी डोके-मानेच्या कर्करोगात किरणोपचाराला नुसत्या रेडिओलहरींच्या उष्णतेची जोड दिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या चाचणीत गाठ पूर्ण विरघळण्याचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवरून ७९ टक्क्यांवर गेले. उलट लांब, ताठ नॅनोनळ्या उंदरांच्या पोटाच्या आवरणात ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, असे २००८ मध्येच आढळले होते. नळ्या नेमक्या कर्कपेशींपर्यंत पोहोचल्या तरच हा धोका पत्करण्यात अर्थ आहे. सशांत तर त्या सुईने थेट गाठीत सोडल्या होत्या. म्हणून अशा उपचाराची पुढची बातमी वाचताना एवढे जरूर पाहा: नळ्या वगळून बाकी तोच द्राव टोचलेल्या गाठी तुलनेला ठेवल्या होत्या का?