कचऱ्यातून खेळणी

मुलांनो, ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तेथे विज्ञान नुसते पाठ करायचे का? अरविंद गुप्ता या इंजिनिअरांनी वेगळी वाट शोधली. १९७८ साली पुण्यातील कारखान्यातून रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तेथील शाळांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवू लागले.

एक तुम्हीही करा. पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या व्हॉल्व्हची जुनी रबरी नळी मागून आणा. चिरलेली मात्र नको. तिचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा. काडेपेटीच्या काड्यांचे गुल खरवडून टाका आणि काड्या तुकड्यांत खोचा. तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन. आता दाबा. चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही.

नांदेड-लातूरच्या एखाद्या गोदामात पत्र्याखालची लोखंडी कैची पाहा. तिच्यात त्रिकोणच त्रिकोण दिसतील.