विश्लेषण : आधी गुलामगिरी, मग तुरुंग, नॉर्वेतील ‘आबोलिशोनिस्ट’ नेमके कोण?

गुलामगिरी रद्द करा म्हणणारा, हा ‘आबोलिशोनिस्ट’ या नॉर्वेजियन शब्दाचा जुना अर्थ. आज तो तुरुंगच नकोत म्हणणाऱ्यांसाठीही वापरतात.

शब्द कुठून आला?
मूळ लॅटिन ‘अबोलेरे’, म्हणजे नष्ट करणे. इंग्रजीत त्यापासून ‘अ‍ॅबोलिशनिस्ट’ झाले, नॉर्वेजियनमध्ये ‘आबोलिशोनिस्ट’. मराठीत ‘उच्चाटनवादी’ म्हणता येईल.

नॉर्वेचा गुलामगिरीशी संबंध काय?
१८१४ पर्यंत नॉर्वेवर डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. गुलामांच्या व्यापारातील ‘फ्रेडेन्सबोर्ग’ हे जहाज १७६८ मध्ये नॉर्वेच्याच किनाऱ्यावर, आरेन्दालजवळ बुडाले. व्यापारबंदीचा हुकूम १७९२ मध्ये निघाला, पण लागू झाला १८०३ पासून. मधल्या मुदतीत वेस्ट इंडिजमधील डॅनिश वसाहतींत गुलाम आणण्याचा वेग उलट वाढला. तिथली गुलामगिरी संपायला १८४८ उजाडले.

मग तुरुंग कुठून आले?
१९६८ मध्ये नॉर्वेत तुरुंगव्यवस्थेविरोधात ‘क्रोम’ ही संघटना स्थापन झाली. समाजशास्त्रज्ञ थॉमस मॅथिसेन तिच्या संस्थापकांपैकी एक. बेघर मद्यपींना सक्तमजुरीला पाठवण्याच्या पद्धतीविरुद्ध तिने आवाज उठवला. १९७० मध्ये ती पद्धत रद्द झाली.

सुधारक आणि ‘आबोलिशोनिस्ट’ यांत फरक काय?
सुधारक म्हणतो, कोठडी चांगली करा. ‘आबोलिशोनिस्ट’ विचारतो, कोठडी हवीच कशाला? मॅथिसेन यांच्या मते काही सुधारणा व्यवस्थेला आणखी बळ देतात. म्हणून तिचा एकेक भाग काढून टाकणाऱ्या बदलांचा आग्रह त्यांनी धरला. नॉर्वेत तुरुंग आजही आहेत आणि हा वादही.