थळच्या वाळूत गाडीला कोणते पॉलिशिंग पॅड?

खांदेरी-उंदेरी किल्ल्यांसमोरच्या या किनाऱ्यावर उभ्या गाडीवर मीठ आणि बारीक रेती बसतेच. गाडी नीट धुतल्याशिवाय पॉलिशिंगला हात घालू नये. रेतीचा कण पॅडखाली सापडला की नवे ओरखडे. रंगावरचा पारदर्शक थर बहुधा ४०-५० मायक्रॉनचाच, म्हणून आधी मऊ फोमचे पॅड, तेही चाचणीपुरते बॉनेटच्या दीड-दोन फूट भागावर. ओरखडे राहिले तरच कडक फोम किंवा मायक्रोफायबर. लोकरीचे पॅड झपाट्याने कापते, पण मागे धूसरपणा ठेवते, नवख्याने टाळावे. पॅडच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीची रंगखूण निराळी. पॉलिशिंग मशीनच्या ५ इंची बॅकिंग प्लेटला साडेपाच इंची पॅड लावा, म्हणजे प्लेटची कड पत्र्याला लागत नाही. पॅड वाळूत पडले? सरळ दुसरे घ्या.