गडद रेघेची वाट

‘पाळीचा चौदावा दिवस’ हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो, पण तो २८ दिवसांच्या चक्रापुरताच. मोजायचं खरं तर मागून: पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी स्त्रीबीज सुटतं. चक्र ३२ दिवसांचं असेल, तर अठराव्या दिवसाच्या आसपास.

मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची पट्टी बीज सुटण्याआधी वाढणारं एलएच हे संप्रेरक पकडते. इथे एक गल्लत हमखास होते. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेघ पुसट उमटली तरी चालते; या पट्टीवर मात्र ती शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. तशी दिसली, की साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटण्याची शक्यता. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असेल तर पट्टी फसवू शकते.

फुकटची खूण म्हणजे अंगावरून जाणारं पांढरं. बीज सुटण्याच्या दिवसांत ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, बोटांत ताणलं तर तार धरणारं होतं. सकाळी अंथरुणातच मोजलेलं तापमानही किंचित चढतं, पण बीज सुटून गेल्यावर. वरातीमागून घोडं!

बीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून दिवस राहायला हवे असतील, तर संबंधासाठी रेघ गडद होईपर्यंत थांबू नये. आधीचे दोन-तीन दिवसही मोलाचे. वर्षभराच्या प्रयत्नांत, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जावं आणि नवऱ्याची वीर्यतपासणीही तेव्हाच करून घ्यावी.