जिवाणूची इकडे आड, तिकडे विहीर

घरात कुणाला ताप आला की आपण काय करतो? नाक्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो. डॉक्टरांनी पाच दिवसांचे औषध लिहून दिले असले, तरी तिसऱ्या दिवशी बरे वाटले की उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. रोजी बुडवून दवाखान्यात बसणे परवडत नाही, हे खरेच. पण या सवयीची किंमत फार मोठी आहे.

पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता. औषध अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला दाद देईनासे होतात. तेच झाले. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात अशा निर्ढावलेल्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली.

मग उपाय काय? एक जुनाच उपाय शास्त्रज्ञांनी पुन्हा हाती घेतला आहे. जिवाणूंनाही रोग होतो! त्यांना खाणारे विषाणू असतात. १९१७ साली फेलिक्स द'हेरेल यांनी त्यांना 'बॅक्टेरिओफेज', म्हणजे जिवाणूभक्षक, असे नाव दिले. हा फेज जिवाणूला चिकटतो, आपले बीज आत सोडतो, आतच त्याची पिल्लावळ वाढते आणि शेवटी जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशींवर तो हल्ला करीत नाही. पुढे ॲन्टिबायोटिक औषधे आली आणि बहुतेक देश फेजला विसरले. जॉर्जियातील तिबिलिसी शहरात मात्र हे उपचार चालूच राहिले.

आता या दोन्ही शस्त्रांची जोडी कशी जमते ते पाहा. अमेरिकेत ७६ वर्षांच्या एका डॉक्टरांच्या हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीत २०१२ साली कृत्रिम नळी बसवली होती. तिच्यावर स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूंनी ठाण मांडले. औषधांनी ते हटेनात. या जिवाणूच्या अंगावर बारीक पंप असतात. होडीत शिरलेले पाणी उपसून टाकावे, तसे ते आत आलेले औषध बाहेर फेकतात.

येल विद्यापीठातील बेंजामिन चान आणि पॉल टर्नर यांना कनेक्टिकटमधल्या एका तळ्यात नेमका या पंपालाच पकडणारा फेज सापडला. आता जिवाणूने करायचे काय? पंप ठेवला तर फेज खातो. फेजपासून वाचायला पंप बदलला, तर औषध उपसता येत नाही आणि ॲन्टिबायोटिक मारते. २०१६ साली त्या रुग्णाला हा फेज आणि सेफ्टाझिडीम हे औषध एकत्र देण्यात आले. नंतरच्या शस्त्रक्रियेत त्या जिवाणूचा मागमूस सापडला नाही आणि ॲन्टिबायोटिक थांबवता आले.

एक रुग्ण बरा झाला म्हणजे सर्व सिद्ध झाले, असे मात्र नाही. फेज निवडक असतो. एका जिवाणूवर चालणारा दुसऱ्यावर चालत नाही. रुग्णाच्या शरीरातील जिवाणू तपासून त्याचा फेज शोधावा लागतो, शुद्ध करावा लागतो. प्रत्येक ॲन्टिबायोटिकशी त्याची जोडी जमतेच असेही नाही. म्हणून पुष्कळ रुग्णांवर रीतसर चाचण्या व्हायला हव्यात. आणि तळ्यात फेज सापडला म्हणून तळ्याचे पाणी औषध ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वाचकहो, असा उपचार आपल्या नाक्यावरच्या दवाखान्यात केव्हा येईल ते येईल. हाती असलेली औषधे बोथट होऊ न देणे मात्र आजच आपल्या हाती आहे. साध्या सर्दीवर ॲन्टिबायोटिक घेऊ नका, सर्दी विषाणूने होते, तिथे ते चालत नाही. शेजारणीच्या डब्यातली उरलेली गोळी मुलाला देऊ नका. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांना विचारल्याशिवाय मध्येच सोडू नका. आणि जेवणाआधी, शौचानंतर हात साबणाने धुवा. रोगच झाला नाही, तर औषधाची गरजच कशाला पडेल?