मुसीचा पूर आणि काचेवरचा दाखला

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीने हैदराबादेत जो कहर मांडला, त्यात अफझलगंजचा पूल मोडला, तेथील सरकारी दवाखाना उद्ध्वस्त झाला आणि, प्रचलित अंदाज ग्राह्य धरला तर, पंधरा हजारांच्या आसपास माणसे प्राणास मुकली. पाणी ओसरल्यावर छायाचित्रकारांनी खचलेल्या कमानी व भुईसपाट झालेले मोहल्ले टिपून घेतले. हेतू उघडच नासाडीचा दाखला ठेवण्याचा असावा. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार 1920 साली उस्मानसागर व 1927 साली हिमायतसागर ही धरणे झाली, पुराची धास्ती ओसरली आणि नदीपात्रातल्या बेटावर बसस्थानकही उभे राहिले. तेव्हा त्याच जुन्या चित्रांत निराळा पुरावा दिसू लागला, तो म्हणजे नदीला एकेकाळी असलेल्या जागेचा. छायाचित्रकाराचे लक्ष मोडक्या पुलावर होते. आजच्या पाहणाऱ्याची नजर पुलाला वळसा घालून मोकळ्या पात्रावर जाते.

चित्रकाराला नको असलेले गाळता येते. भिंगाला ती सवलत नाही. विषय निवडला तरी काचेवर त्याचा शेजारही उमटतो आणि मूळ प्रयोजन कालबाह्य झाल्यावर पुष्कळदा तो शेजारच महत्त्वाचा ठरतो.

निझामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या कामात हे विशेष जाणवते. रुडकीस शिकून इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागलेला हा सरधन्याचा गृहस्थ निझाम महबूब अली खानांच्या आश्रयाने नावारूपास आला आणि पुरापूर्वी तीन वर्षे, 1905 साली, निवर्तला. शिकारी, राजवाडे, पाहुण्यांच्या मेजवान्या यांबरोबरच औरंगाबाद जिल्ह्यातील दुष्काळी कामांची चित्रेही त्यांनी घेतली. सरकारची तजवीज किती चोख आहे हे त्यांतून दिसावे, असा दरबारचा हिशेब असणार. मराठवाड्यातला वाचक मात्र त्यांत सरकारला शोधत नाही, आपल्या खापरपणज्यांच्या पिढीला शोधतो. दरबारी पोशाखातल्याचे नाव सापडते, खडी फोडणाऱ्याचे सापडत नाही. दीनदयाळांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 मध्ये मिळवल्या. त्या संग्रहाची थोरवी निर्विवाद असली, तरी ही असमानता संग्रहाने मिटत नाही.

दीनदयाळांनीच 1892 च्या सुमारास हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता व त्याचा कारभार एका इंग्रज बाईकडे सोपवला होता. ज्या प्रतिमा परक्या पुरुषाच्या दृष्टीस पडू नयेत अशीच सारी व्यवस्था होती, त्या आज प्रदर्शनात मांडाव्यात की नाही? इतिहासाचे अभ्यासक ‘हो’ म्हणतील. मला त्या उत्तराची घाई वाटत नाही.

आणि पुराची ती रात्र तर कोणत्याच काचेवर नाही. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील ज्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, त्या झाडाचे छायाचित्र कोणीही काढावे, दिसेल ती चिंचच. त्याच पुरात आई, पत्नी आणि मुलगी गमावलेल्या अमजद हैदराबादी या उर्दू कवीने आपला शोक शब्दांत मांडला. चिंचेची ती हकिगत ठाऊक असलेल्या माणसाने शेजारी उभे राहून सांगितली, तरच त्या झाडाच्या चित्राला 1908 साल लाभते.