जहाजबांधणी कामगार आणि ॲस्बेस्टॉसचे आजार : नुकसानभरपाईचे मार्ग

वार्षिक अहवालात कामकाजाच्या तपशिलाबरोबर एखाद्या आरोग्यविषयाची माहिती द्यावी, ही आपल्या रुग्णालयाची जुनी प्रथा आहे. यंदा हा मान छातीविकार विभागास मिळाला. विषय निवडताना आम्हाला फार शोधाशोध करावी लागली नाही. तो एका केसपेपरच्या रूपाने समोर आला होता.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बाह्यरुग्ण विभागात आले. मूळचे सिंधुदुर्गातील, उमेदीचा काळ माझगाव-घोडपदेवच्या चाळीत गेलेला. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साठलेले. बाहेर कोठेतरी क्षयाची औषधे सहा महिने घेऊन झालेली, पण पाणी पुनःपुन्हा भरत होते आणि वजन उतरत होते. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘निवृत्त’. “काका, निवृत्त होण्यापूर्वी काय करीत होता?” या प्रश्नाला उत्तर आले, “गोदीत होतो.” गोदीत म्हणजे नेमके काय, हे विचारल्यावर त्यांनी सांगितले की बारा-तेरा वर्षे जहाजांच्या इंजिनघरात वाफेच्या नळ्यांवर पांढरा लेप थापायचा आणि पट्ट्या गुंडाळायच्या, जुने जहाज दुरुस्तीला आले की तोच लेप हातोडीने फोडून काढायचा. या कामाला तेथे लॅगिंग म्हणतात. “धूळ इतकी, की शेजारचा माणूस दिसायचा नाही,” असे ते सहज बोलून गेले. बायॉप्सीचा निष्कर्ष मेसोथेलिओमा असा आला. हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होय.

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून तंतुमय सिलिकेट खनिजांच्या गटाचे नाव आहे. पांढरा क्रायसोटाइल, तपकिरी अमोसाइट आणि निळा क्रोसिडोलाइट हे त्यांतील व्यापारी प्रकार. हे तंतू जळत नाहीत, सडत नाहीत, उष्णता अडवितात आणि कापसासारखे विणताही येतात. वाफेवर चालणाऱ्या जहाजाला याहून सोयीचा पदार्थ सापडणे कठीण होते. बॉयलर, टर्बाइन, वाफेच्या नळ्या, पाइपांच्या जोडांतील गॅस्केट, झडपांचे पॅकिंग, खोल्यांमधील अग्निरोधक फळ्या अशा ठिकठिकाणी त्याचा वापर होई. त्यात भर जागेची. कारखान्यात छप्पर उंच असते आणि धूळ विरते. जहाजाच्या पोटात मात्र वेल्डर, फिटर, रंगारी, विजेचे काम करणारे, सुतार असे सगळे एकाच कोंदट खणात खेटून काम करतात. एकाने लेप फोडला की धूळ सर्वांच्या वाट्याला येते. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात ॲस्बेस्टॉस हातात धरला नाही, असे कामगारही या आजारांना बळी पडलेले आढळतात.

श्वासाबरोबर गेलेले सूक्ष्म तंतू फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात, पण लांब तंतू पूर्ण गिळता येत नाही आणि विरघळवताही येत नाही. त्या झटापटीत निर्माण होणारा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. कोणाच्या फुप्फुसात वण पडून ते ताठर होते; चालताना धाप लागते, कोरडा खोकला जडतो. हा ॲस्बेस्टॉसिस. कोणाच्या आवरणावर नुसते जाड चट्टे उठतात. त्यांचा त्रास सहसा होत नाही, मात्र तंतूंशी संबंध आल्याची ती जणू शरीराने ठेवलेली नोंद असते. फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे याच धुळीचे सर्वांत भीषण परिणाम. धूम्रपानाविषयी येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. अमेरिकेतील उष्णतारोधन कामगारांवरील १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका ॲस्बेस्टॉसमुळे सुमारे पाच पट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे अकरा पट, आणि दोन्ही एकत्र असता पन्नास पटींहून अधिक आढळला होता. मेसोथेलिओमाचा मात्र विडी-सिगारेटशी संबंध नाही. “विडी ओढायचे, म्हणून झाले,” असे सांगून या रुग्णाची बोळवण करणे शास्त्राला धरून नाही.

या आजारांचे सर्वांत घातक वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा विलंब. ॲस्बेस्टॉसिस दिसू लागण्यास साधारणतः दहा ते वीस वर्षे किंवा अधिक काळ जातो. मेसोथेलिओमाला बहुधा तीस ते चाळीस वर्षे. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कंत्राटदाराचे कार्यालय बंद पडलेले असते, हजेरीपट रद्दीत गेलेला असतो. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण मोठे असल्याने छातीत पाणी दिसताच डॉक्टरांचे मन प्रथम क्षयाकडे धावते. ते गैर नाही, परंतु पुराव्याविना सुरू केलेल्या उपचारात जे महिने जातात, ते पुढे दाव्याच्या मुदतीतूनही वजा होतात.

हे ज्ञान जगाला जहाजबांधणीनेच मोठ्या प्रमाणावर दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका व ब्रिटनच्या गोद्यांत लक्षावधी स्त्री-पुरुषांनी काम केले. त्यांचे आजार १९६०च्या दशकापासून वर येऊ लागले. न्यू यॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी १९६४ साली उष्णतारोधन कामगारांवरील आपले निष्कर्ष मांडले. १९६५ साली लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेसोथेलिओमाच्या रुग्णांत अशाही व्यक्ती आढळल्या, ज्या स्वतः कधी कारखान्यात गेल्या नव्हत्या; त्यांच्या घरातील कोणी तेथे काम करीत असे आणि कामाचे कपडे घरी धुतले जात. आमच्या रुग्णाच्या पत्नीला हे सांगताना आम्हाला शब्द सापडेनात. “ह्यांचे कपडे मी गॅलरीत झटकून मग भिजवायची,” असे त्या आधीच म्हणाल्या होत्या.

आता नुकसानभरपाईकडे वळू. भारतात या प्रश्नाचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या २७ जानेवारी १९९५च्या निकालाने घातला. अहमदाबादच्या ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने बाधित ठरविलेल्या प्रत्येक कामगारास एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला. आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्यास ॲस्बेस्टॉस उद्योगांना बजावले. या चाळीस वर्षांत आजाराच्या विलंबाची पुरेपूर जाण दिसते. अडचण एवढीच, की पत्रे बनविणारा कारखाना स्वतःला ॲस्बेस्टॉस उद्योग म्हणवून घेतो, जहाज बांधणारा तसे समजत नाही.

१९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस, तसेच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे व्यवसायजन्य आजार म्हणून नमूद होते. या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असून त्या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही अशीच यादी आहे. अनुसूचीत नाव असण्याचा अर्थ असा, की आजार हा अपघाताने झालेल्या इजेसारखाच मानला जातो. कंत्राटदारामार्फत काम केलेल्या व्यक्तीला मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. मूळ मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी.

मुदतीचा प्रश्न मात्र बिकट आहे. जुन्या कायद्यात दावा दोन वर्षांत दाखल करावा लागे, आणि नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर मुदत लक्षणे प्रथम आढळल्या दिवसापासून धरावी अशी तरतूद होती. तीस वर्षांनी उगवणाऱ्या आजारापुढे हे दोन वर्षांचे गणित कोठे बसणार? सुदैवाने त्याच कायद्याने दोन खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. नोकरी संपल्यानंतर जडलेला आजार त्या नोकरीतूनच उद्भवल्याचे सिद्ध झाले तर तो इजाच मानावा, असे त्यात म्हटले होते. आणि पुरेसे कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता. निदान होण्यापूर्वी आजार ठाऊकच नव्हता, याहून पुरेसे कारण ते कोणते, असे आम्हा डॉक्टरांना वाटते. परंतु ते कागदावर मांडावे लागते.

रकमेचे सूत्रही या रुग्णांना प्रतिकूल आहे. १९२३च्या कायद्यानुसार मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रक्कम घेऊन तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. चाळिसाव्या वर्षी हा गुणक १८४.१७ आहे, पासष्टी गाठल्यावर ९९.३७. २०२० पासून हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. म्हणजे पासष्ट वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूबद्दल त्या मर्यादेने जास्तीत जास्त ७,४५,२७५ रुपये होत. आजार उतारवयात येतो, आणि उतारवयाचा गुणक सर्वांत लहान. शिवाय अनेकांचे शेवटचे वेतन काही शे रुपयांचे होते.

कर्मचारी राज्य विमा योजनेखाली असलेल्यांचा मार्ग वेगळा. तेथे व्यवसायजन्य आजाराबद्दल विमा महामंडळाकडून अपंगत्वलाभ आणि मृत्यूनंतर आश्रितांना नियमित लाभ मिळतो. पण तो मार्ग असताना त्याच इजेसाठी मालकाकडून स्वतंत्र भरपाई मागता येत नाही. सरकारी गोदीतील नागरी कर्मचाऱ्यांसाठी असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम आहेत. दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा करता येतो, तथापि सत्तरीतल्या आजारी माणसाने ती वाट धरावी असा सल्ला देण्याचे धैर्य आम्हाला होत नाही.

इतर देशांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत गोदी व बंदर कामगारांसाठी १९२७ पासून स्वतंत्र संघीय कायदा आहे. त्यातील १९८४च्या दुरुस्तीनुसार अशा आजारांत दाव्याची दोन वर्षे मोजली जातात ती नोकरी, आजार आणि अपंगत्व यांचा परस्परसंबंध कामगाराला कळल्यापासून. तेथील जॉन्स-मॅनव्हिल ही बलाढ्य कंपनी दाव्यांच्या ओझ्याने १९८२ साली दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली, आणि पुढे पीडितांसाठी न्यास स्थापन झाला. फ्रान्सने डिसेंबर २००० मधील कायद्याने सर्व ॲस्बेस्टॉसपीडितांसाठी निधी उभारला. जपानने २००६ साली साहाय्य कायदा केला. या शेवटच्या दोन्ही देशांत पीडित व्यक्ती कामगारच असावी अशी अट नाही. कपडे धुणारी पत्नी तेथे मोजली जाते. आपल्या कायद्यात तिला जागा नाही.

हा सारा इतिहासजमा विषय आहे, असे कोणी समजू नये. नव्या जहाजांवर ॲस्बेस्टॉस बसविण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी २००२ पासून मोठ्या अंशी आणि २०११ पासून पूर्णतः मनाई आहे, पण त्यापूर्वीची जहाजे अजून दुरुस्तीला व मोडीत येतात. गुजरातेतील अलंग जगप्रसिद्ध आहेच. आपल्या मुंबईत दारूखान्यालाही जहाजे मोडली जात आली आहेत, आणि ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचेही विसर्जन तेथेच झाले. मोडीच्या जहाजावरील घातक पदार्थांची सूची ठेवणे बंधनकारक करणारा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला. सूचीमुळे पुढच्या पिढीचे रक्षण होईल. आज खोकणाऱ्या माणसाला आधार आहे तो त्याच्या स्वतःच्या कागदांचा.

म्हणूनच निवृत्त जहाजकामगारांनी सेवा-प्रमाणपत्र, वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची पावती, विम्याचे कार्ड, कंत्राटदाराने दिलेला गेटपास, यांतील काहीही टाकून देऊ नये. हाताखाली काम केलेल्या सोबत्यांची नावे व पत्ते लिहून ठेवावेत, कारण नोंदी नसतील तेथे त्यांची साक्षच उपयोगी पडते. बायॉप्सी झाली असल्यास अहवालाबरोबर मेणातील नमुना, म्हणजे ब्लॉक, प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा. आमच्या रुग्णापाशी पुरावा म्हणून एक पिवळा पडलेला गेटपास तेवढा होता, तोही बायकोने देवाच्या फोटोमागे जपलेला. निदानानंतर ते पाच महिने जगले. अर्जाची कागदपत्रे तोवर पूर्ण झाली नव्हती.

डॉक्टरांवरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. १९४८च्या कारखाना कायद्यानुसार, कारखान्यात काम करणाऱ्या अथवा पूर्वी केलेल्या व्यक्तीस ॲस्बेस्टॉसिस असल्याचा विश्वास वाटल्यास तपासणाऱ्या डॉक्टराने विनाविलंब मुख्य निरीक्षकांस लेखी कळवावे लागे. व्यवसाय सुरक्षा संहितेत हीच जबाबदारी कायम आहे. खेदाने नमूद करावे लागते की वैद्यकीय अभ्यासक्रमात एका ओळीत उरकल्या जाणाऱ्या या तरतुदीचा आम्हालाही विसर पडला होता.

त्या केसपेपरनंतर आमच्या विभागाने छापील नमुन्यात एक बदल केला. ‘व्यवसाय’ या रकान्याखाली आता ‘यापूर्वीची सर्व कामे, ठिकाण व वर्षे’ असा मोठा रकाना असून तो परिचारिका रुग्णाशी बोलून भरते. गोदी, जहाजदुरुस्ती, जहाजमोडणी, बॉयलर किंवा पत्र्यांचा कारखाना यांपैकी काहीही आढळल्यास छातीचा एक्स-रे, श्वसनक्षमतेची चाचणी व गरजेप्रमाणे सीटी स्कॅन सुचविला जातो. निदान झाल्यास आजाराचे नाव, त्याचा पूर्वीच्या कामाशी असलेला संबंध आणि निदान प्रथम झाल्याची तारीख या तिन्ही गोष्टी असलेले प्रमाणपत्र विभागातून विनामूल्य दिले जाते. येताना जुने एक्स-रे, कितीही जुने असले तरी, बरोबर आणावेत.